काढलेली गाठ लॅबपर्यंत कशी पोहोचते : तालुक्या-जिल्ह्यांतल्या सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्यांना खुले पत्र

सर्व डॉक्टर मित्र-मैत्रिणींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या ऊतींची मायक्रोस्कोपखाली तपासणी करणाऱ्या, टेबलावरून लिहीत आहोत आणि मागणी एकच आहे. रुग्णाच्या शरीरातून जे काढाल ते तपासायला पाठवा, आणि वाचता येईल अशा अवस्थेत पाठवा. 'रिपोर्टला एवढा उशीर का?', 'रिपोर्टमध्ये ठाम असं काहीच लिहिलेलं नाही', 'मुंबईला नेलं तर तिथे वेगळंच सांगितलं' या तक्रारी आम्ही रोज ऐकतो. त्यातल्या काही आमच्याच चुकीच्या असतात, नाकारत नाही. पण बऱ्याच तक्रारींचं मूळ मायक्रोस्कोपखाली नसून ऑपरेशननंतरच्या पहिल्या तासात असतं. पत्र खुलं ठेवलंय, कारण डबी घेऊन लॅबची पायरी चढणारा माणूस बहुधा रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा असतो. आपण हातात काय घेऊन आलोय, हे त्यालाही कळलेलं बरं.

आधी फॉर्मॅलिन, म्हणजे काढलेला तुकडा टिकवणारं द्रावण. रक्तपुरवठा तुटला की पेशींमधली पाचक द्रव्यं त्यांनाच विरघळवू लागतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून ही क्रिया थांबवतं आणि पेशी होती तशी थिजते. सलाईनला हे जमत नाही. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सकाळी फुगलेला आणि पांढरट असतो, आणि त्यात केंद्रकांच्या जागी नुसत्या सावल्या दिसतात. स्पिरिटने तुकडा आक्रसतो आणि कडक होतो. फ्रिजमध्ये सडणं मंदावतं, थांबत नाही. फ्रीजरमध्ये तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडूनच टाकतात.

आम्हाला हवं ते द्रावण असं : बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे क्षार वगळू नका. नुसतं पाणी घातलेलं फॉर्मॅलिन काही दिवसांत आम्लधर्मी होतं. मग ऊतीत तपकिरी-काळे कण साचतात आणि पुढच्या तपासण्यांसाठी लागणारा डीएनए तुटतो. बाटलीतलं फॉर्मॅलिन पाणी न घालता ओतणं तर आणखी वाईट, कारण तुकड्याला बाहेरून कडक कवच चढतं आणि आतला भाग कच्चा राहतो. तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रव हवा, वीसपट असेल तर उत्तम. 'बुडलं म्हणजे झालं' हा हिशेब चुकीचा आहे.

सगळ्यात मोठं नुकसान स्तनाच्या ऑपरेशनमध्ये होतं, म्हणून इथे जरा थांबतो. फॉर्मॅलिन ऊतीत साधारण तासाला एक मिलिमीटर शिरतं आणि खोल जाईल तसा हा वेगही कमी होतो. काढलेला स्तन अख्खाच्या अख्खा बरणीत सोडला, तर मधल्या गाठीपर्यंत ते पोहोचायला दोन-दोन दिवस लागतात. तोवर बाहेरची चरबी छान टिकते आणि जिच्यासाठी ऑपरेशन केलं ती गाठ आतल्या आत कुजते.

याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. पहिला ग्रेडमध्ये. स्तनाच्या कॅन्सरची ग्रेड ठरवताना आम्ही तीन गोष्टींना एक ते तीन गुण देतो : पेशी नलिका किती बनवतात, केंद्रकं किती विचित्र आहेत, आणि विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ आली तर ग्रेड २ आणि ८-९ आली तर ग्रेड ३. फॉर्मॅलिनला उशीर झाला की विभागणारी पेशी आणि मेलेली पेशी यांतला फरक पुसट होतो. शंकास्पद पेशी आम्ही मोजत नाही, त्यामुळे आक्रमक गाठ कागदावर सौम्य ठरू शकते.

दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राहक केंद्रकात असतो आणि उशिराने तो रंग पकडेनासा होतो. एक टक्का पेशींनी रंग घेतला तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. तेवढंही दिसलं नाही, तर त्या बाईला टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त आणि वर्षानुवर्षं संरक्षण देणारी गोळी मिळत नाही. उलट 'ट्रिपल निगेटिव्ह' (ईआर, प्रोजेस्टेरोनचा ग्राहक आणि हेर-टू हे प्रथिन, तिन्ही नसलेली गाठ) असा शिक्का बसून उपचारांची दिशाच बदलते. म्हणून जगभर मान्य असलेला नियम पाळा : गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि तिथे किमान ६ ते जास्तीत जास्त ७२ तास. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन करून बुधवारी डबी पाठवली तर ७२ तास कधीच उलटून गेलेले असतात. हेर-टू या तपासणीलाही हाच नियम लागू आहे.

मग करायचं काय? काढलेल्या स्तनाला आधी दिशा दाखवणारे टाके घाला : वरच्या कडेला आखूड दोरा, बाहेरच्या कडेला लांब. मागच्या पृष्ठभागाला इंडिया इंक ही काळी शाई लावून ती वाळू द्या. मग मागच्या बाजूनेच एकेक सेंटिमीटरवर समांतर काप द्या. त्वचेपर्यंत जा, पण तुकडे सुटे करू नका. कापांमध्ये गॉजच्या पट्ट्या सरकवा आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवा. काप देण्याची धास्ती वाटत असेल तर आधी लॅबला कळवा आणि नमुना तासाभरात पोहोचवा. फॉर्मवर घड्याळातल्या दोन्ही वेळा लिहा, गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. या दोन आकड्यांसारखा उपयोग लांबलचक क्लिनिकल हिस्ट्रीचाही होत नाही.

बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद गळ्याच्या बाटलीत मऊ गाठ कोंबून भरता येते, पण फॉर्मॅलिनमध्ये कडक झाल्यावर ती बाहेर निघत नाही आणि आम्हाला बाटली कापावी लागते. नाव झाकणावर न लिहिता बरणीच्या अंगावर लिहा, कारण टेबलावर एकाच वेळी चार झाकणं उघडी असतात. आणि फॉर्मॅलिन मिनरल वॉटरच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. रंग पाण्यासारखाच असतो, आणि वॉर्डात तहानलेला माणूस लेबल वाचत बसत नाही. फॉर्मॅल्डिहाइड स्वतःच मानवी कॅन्सरकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे, तेव्हा हाताळणाऱ्या मावशींना हातमोजे द्या आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा.

आता बायोप्सी कुठून आणि किती खोल घ्यायची, याबद्दल. त्यासाठी आम्ही नेमकं काय शोधतो ते सांगायला हवं. पेशींच्या जनुकांत चुका साचत जातात. वाढीला लगाम घालणारी टीपी-५३ सारखी जनुकं निकामी होतात, वाढीला चालना देणारी अडकून पडतात. अशा पेशींची केंद्रकं मोठी, गडद आणि वेडीवाकडी होतात. पण नुसत्या रूपावरून कॅन्सर म्हणता येत नाही. भरून येणाऱ्या जखमेतल्या आणि रेडिएशन झालेल्या भागातल्या पेशीही भयानक दिसतात. गालाच्या आतल्या, गर्भाशयमुखाच्या किंवा स्तननलिकेच्या अस्तराखाली बेसमेंट मेंब्रेन नावाचा एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या आत असेपर्यंत रोग जागच्या जागी असतो आणि तेवढा भाग काढला की बहुधा संपतो. पडदा ओलांडून पेशी खाली उतरल्या की त्यांना रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या मिळतात, आणि मग लिम्फ नोड, फुप्फुस, यकृत असा प्रवास सुरू होतो. ही रेषा ओलांडली की नाही, एवढंच बायोप्सीत बघायचं असतं. ज्या तुकड्यात पडदाच आलेला नाही, त्यावर आम्ही काय लिहिणार?

दंतवैद्य मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावं. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मुख्यतः गालाच्या आतल्या बाजूला आणि गाल-हिरडीच्या खाचेत होतो, म्हणजे तंबाखूची चिमूट जिथे दाबून ठेवतात नेमका तिथे. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटतात आणि प्रत उतरवताना चूक होते. चुन्याने तंबाखू आणि सुपारीतली द्रव्यं जास्त मोकळी होतात आणि आतलं अस्तरही भाजतं. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं. सुपारीने अस्तराखाली कोलॅजेन साचून तोंड उघडेनासं होतं, हे तुम्ही रोज बघता. मावा, खर्रा, पान मसाला, मिश्री यांतलं काय, किती वर्षं आणि कुठल्या बाजूला, हे फॉर्मवर लिहा. नुसतं 'सवय : आहे' एवढ्याने आम्हाला काही कळत नाही.

तंबाखूचा रस सगळ्या तोंडात फिरतो, त्यामुळे बिघाडही एकाच ठिपक्यापुरता नसतो. एक चट्टा साफ निघाला तरी शेजारचं अस्तर बदलाच्या वाटेवर असू शकतं. म्हणून मोठ्या चट्ट्यातून दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्या आणि वेगवेगळ्या डब्यांत पाठवा. गुळगुळीत पांढऱ्या भागापेक्षा लाल, खरखरीत किंवा फुटलेला भाग निवडा. व्रणाच्या मध्यातला मेलेला मऊ थर नको, कड हवी, शेजारच्या चांगल्या अस्तराचा किंचित भाग धरून आणि स्नायूपर्यंतची खोली घेऊन. टोकदार दातामुळे झालेला व्रण वाटत असेल तर दाताचं टोक घासून बोथट करा आणि दोन आठवडे वाट पाहा. तेवढ्यात भरला नाही तर तिसऱ्या मलमाची चिठ्ठी न लिहिता तुकडा घ्या.

व्हेरुकस कार्सिनोमा हा तोंडाच्या कॅन्सरचा प्रकार आम्हाला सगळ्यात जास्त छळतो. फुलकोबीसारखी पांढरी वाढ, पेशी जवळपास नॉर्मल, आणि खालची कड फुटण्याऐवजी रुंदपणे आत रेटत गेलेली. वरवरचा तुकडा आला तर आम्हाला फक्त जाड केराटिन दिसतं आणि रिपोर्ट जातो : 'हायपरप्लास्टिक अस्तर, अधिक खोल बायोप्सी घ्यावी'. रुग्ण त्याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा घेतो आणि सहा महिन्यांनी जबड्याचं हाड पोखरलेलं घेऊन येतो. खोल बायोप्सी मागितली तर ती खरोखरच हवी असते. रुग्णाला त्याच दिवशी परत बोलवा.

तोंडाच्या कॅन्सरची स्टेज आता नुसत्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, खोलीवरही ठरते. शेजारच्या नॉर्मल अस्तराच्या बेसमेंट मेंब्रेनपासून मोजलेली खोली पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की छोटी दिसणारी गाठही पहिल्या टप्प्यात राहत नाही. कडेला पाच मिलिमीटर निरोगी ऊती हवी, आणि काढलेला तुकडा आक्रसतो हे लक्षात घेऊन सर्जनला कापताना त्याहून जास्त घ्यावं लागतं. जाता जाता : गालाच्या कॅन्सरवर पी-१६ तपासणीचा आग्रह धरू नका. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी ती एचपीव्ही विषाणूचा माग दाखवते. तंबाखूच्या गालात तिचा उपयोग रुग्णाचे पैसे खर्च करण्यापलीकडे फारसा नाही.

फॉर्मवर सवय लिहायला सांगतो ते उगाच नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथली प्रयोगशाळा उभी करणाऱ्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकारी सूर्याबाईंबरोबर १९४५ मध्ये धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं : कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतरामुळे तिथल्या त्वचेत होणारा कॅन्सर. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीमुळे, आंध्रात चुट्टा उलटा ओढण्यामुळे टाळूला, असे कॅन्सर ओळखले गेले ते कुणीतरी सवय विचारली आणि लिहून ठेवली म्हणून. पोटाच्या बायोप्सीत जिवाणू दिसतात याकडे दुर्लक्ष न करणारे रॉबिन वॉरेन हेही पॅथॉलॉजिस्टच होते. त्या जिवाणूमुळे होणारा जठराचा एक लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) सुरुवातीच्या टप्प्यात अनेकदा नुसत्या अँटिबायोटिक्सने मागे हटतो. साधारण पाच ते दहा टक्के कॅन्सर आनुवंशिक असतात. आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा झाला असेल, तर तेही लिहा. मग आम्ही डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी सुचवतो.

गाठ कुठल्या पेशीतून उगवली यावर कॅन्सरचा प्रकार ठरतो, आणि प्रकारानुसार बायोप्सीची रीतही बदलते. बहुतेक कॅन्सर अस्तराचे किंवा ग्रंथींचे, म्हणजे कार्सिनोमा असतात. स्नायू, चरबी, हाड यांतून होणारा सार्कोमा प्रौढांत शंभरात एखादा. पण तो 'चरबीची गाठ' म्हणून भूल देऊन सरळ काढला जातो, कडेला रोग राहतो आणि पुढच्या सर्जनला सगळा परिसर पुन्हा कापावा लागतो. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर आधी स्कॅन, मग सुईने बायोप्सी, आणि छेद घ्यावाच लागला तर अवयवाच्या लांबीच्या दिशेने. तळपायावरचं काळं 'कुरूप' (भोवरी) खरवडू नका, मेलेनोमाची (त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरची) जाडी मोजायला पूर्ण जाडीचा तुकडा लागतो. वृषणाची गाठ अंडकोशातून नको, जांघेतून.

मानेतली गाठ दिसली की आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण प्रौढ माणसात आधी तोंड आणि घसा नीट बघा, मग सुईने पाणी काढून तपासा. त्यात कार्सिनोमा आला तर गाठ उघडू नका. लिम्फोमाचा संशय असेल तर मात्र सुई पुरत नाही, अख्खी लिम्फ नोड हवी, आणि तीही सर्वांत मोठी. चिमट्याने चिरडू नका, लसिकापेशी अगदी थोड्या दाबाने निळ्या रेघोट्या होतात. अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी पाठवा, कारण फॉर्मॅलिन जिवाणूही मारतं आणि कल्चर निरर्थक ठरतं. बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड सुरू करू नका. लिम्फोमाच्या पेशी त्याने विरघळतात, गाठ लहान होते, सगळे खूश होतात आणि निदान कायमचं हुकतं.

पित्ताशयाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. खडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकांना दाखवतात आणि पिशवी बायोमेडिकल कचऱ्यात जाते. पित्तात भिजलेलं अस्तर झपाट्याने विरघळतं, म्हणून पित्ताशय लांबीने उभं उघडून लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाका. अनपेक्षित कॅन्सर वरच्या थरातच असेल तर झालेलं ऑपरेशन पुरतं, स्नायूत उतरला असेल तर पुन्हा करावं लागतं. हे फक्त स्लाइडवर कळतं.

गर्भाशयाबद्दल स्पष्टच लिहितो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढणं वैद्यकशास्त्रात बसत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्हीने होतो आणि पडद्याआतल्या अवस्थेत त्याला वर्षानुवर्षं लागतात, त्या काळात तो पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची) किंवा एचपीव्ही तपासणीत सापडतो. ही तपासणी न करता पिशवी काढली आणि आत पसरलेला कॅन्सर निघाला, तर साध्या ऑपरेशनमध्ये शेजारची ऊती मागे राहिलेली असते आणि बाईला रेडिएशनला धाडावं लागतं. अंगावरून जास्त जात असेल तर क्युरेटिंगचा, म्हणजे खरवडून काढलेल्या अस्तराचा, नमुना आधी पाठवा, गॉजवर नको. गॉजच्या धाग्यांत अडकलेलं अस्तर सुटत नाही, फिल्टर पेपरवर घ्या. दुर्बिणीतून फायब्रॉइडचे (गर्भाशयातल्या साध्या गाठीचे) तुकडे करून काढण्यात लपलेला सार्कोमा पोटभर पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्येच दिला आहे.

शेवटी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. रुग्ण मुंबईला निघाला की तिथे स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागतात, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या ब्लॉकमधूनच कापून करायच्या असतात. रिपोर्टच्या झेरॉक्सने भागत नाही. लॅबकडे एक दिवस आधी मागणी करा, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो ना ते काउंटरवरच पाहा. फुप्फुसासारख्या ठिकाणची बायोप्सी छोटी असते आणि वारंवार कापून संपते, म्हणून तोच ब्लॉक चार ठिकाणी फिरवू नका. आणि मे महिन्यात विदर्भातून गाडीने निघणार असाल, तर ब्लॉकची पिशवी डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण साठीच्या आसपासच्या तापमानाला वितळतं.

आपले,
तुमच्या बरण्या उघडणारे पॅथॉलॉजिस्ट